‘चालती का नीट?’

गेल्या वर्षी पोळा होऊन चार दिवस झाले होते. गेवराई तालुक्यातल्या एका वस्तीवर मी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक आटोपली, बायका आपापल्या कामाला लागल्या आणि मी शेजारच्या घरी पाणी प्यायला टेकले. तेवढ्यात तिथे मुकादम आला. ऊसतोडीची उचल ठरवायची होती. घरधन्याने आत चहा सांगितला. मुकादमाचं लक्ष चहाकडे नव्हतं. तो ओट्यावर बसलेल्या त्याच्या बायकोकडे बघत होता.

“वहिनी, तेवढं गोठ्यापर्यंत जाऊन या बरं.”

बाई भिंतीला हात लावून उठली. गेली आणि आली. डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला, डावा पाय गुडघ्यात न वाकता कमरेपासून बाहेरून फिरवून पुढे टाकलेला. नवरा घाईघाईने म्हणाला, “चालती की आता चांगली.” मुकादमाने मान हलवली. “मोळी घेऊन फळीवर चढंल का? अर्धा कोयता धरतो. नाहीतर पोरीला घ्या संगं, कोयता पुरा होतोय.”

पोरगी नववीत होती. ती दारातच उभी होती.

ज्या वाचक मैत्रिणी आमच्या भागातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मिळते ती कोयत्यावर, फिटते ती कोयत्यावर. दोघांतलं एक माणूस कमी झालं की तो अर्धा कोयता. म्हणजे त्या दिवशी अंगणातल्या वीस पावलांवर एका घराचं वर्षभराचं कर्ज आणि एका मुलीची शाळा ठरत होती. आणि ती वीस पावलं मोजत होता मुकादम.

त्या बाईला आदल्या पौषात फडावर असताना लकवा मारला होता. पहाटे उठली ती हातातून कोयताच गळाला. टोळीतले म्हणाले, वारं गेलं. तेल चोळलं, कोपीत निजवलं, कुणाकडून तरी एक इंजेक्शन टोचून घेतलं. दवाखाना गाठला तो तिसऱ्या दिवशी. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ही गोष्ट त्या टोळीत कुणाला माहीत असणार? दवाखान्यातून सोडताना तिला खाटेपासून दारापर्यंत चालवून पाहिलं होतं. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आधाराने चालते.’ पुढच्या आठ महिन्यांत तिची चाल कुणी पाहिली नाही. मुकादमाने पाहिली ती दुसरी वेळ.

मी समाजकार्यात एम. ए. केलं आहे, फिजिओथेरपी शिकलेली नाही. पण त्या दिवसानंतर हा विषय डोक्यातून गेला नाही. ओळखीच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीच्या मागे लागून मी चालीची तपासणी कशी करतात ते समजून घेतलं. जे कळलं ते आपल्या गटांपर्यंत पोचावं असं मला वाटतं. त्यातलं काही कामाचं आहे, आणि काही आपण बायकांनी हटकून विचारायला हवं असं आहे.

पहिली गोष्ट, ही तपासणी अजिबात महागडी नाही. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि दाबपट्ट्या लावलेल्या प्रयोगशाळा आहेत हे खरं. पण जगभर रोज वापरली जाणारी मुख्य चाचणी म्हणजे दहा मीटर चालणं आणि त्याला लागलेले सेकंद. सुरुवातीला आणि शेवटाला दोन-दोन मीटर जास्तीचे ठेवायचे, म्हणजे माणूस वेगात आल्यावर मोजता येतं. एक दोरी, एक खडू, एक घड्याळ. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्यातून उठलेल्या माणसांची यावरून वर्गवारी केली. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरापुरता चालतो. ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर पडतो, पण मर्यादित. ०.८ च्या वर गेला की मोकळेपणी समाजात वावरू शकतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागले तर घरापुरतं, साडेबारा सेकंदांच्या आत आलं तर गावभर. धडधाकट माणसाला आठ-नऊ सेकंद पुरतात.

या पेरीबाईंबद्दल जरा थांबते. दुसऱ्या महायुद्धात त्या सैन्यात फिजिओथेरपिस्ट होत्या, नंतर डॉक्टर होऊन अस्थिशल्यचिकित्सक झाल्या, आणि माणूस चालतो कसा हे बघण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. २०१३ मध्ये त्या गेल्या. लकव्यानंतर हातापायांत हालचाल कोणत्या टप्प्यांनी परत येते ते सांगणाऱ्या सिग्ने ब्रुनस्ट्रोम, लंडनमध्ये उपचाराची वेगळी रीत बसवणाऱ्या बर्टा बोबाथ, आणि खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायची चाचणी १९९१ मध्ये मांडणाऱ्या कॅनडातल्या डायान पोडसिआडलो आणि सँड्रा रिचर्डसन, याही सगळ्या बायकाच. या शास्त्रात बायकांचं एवढं काम आहे हे मला एम. ए. च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही या मोजपट्ट्या जिथे तयार झाल्या तिथल्या जगण्याच्या आहेत. पेरीबाईंच्या वर्गवारीत बाहेर वावरणं म्हणजे काय, तर गर्दीच्या बाजारसंकुलात खरेदीला जाता येणं. तीन मीटरच्या चाचणीत माणूस उठतो तो हातांच्या खुर्चीतून. आमच्याकडची बाई खुर्चीतून कधी उठते? ती उठते जमिनीवरून, चुलीपुढून, धुण्याच्या दगडापासून. पहाटे अंधारात शेताच्या बांधाला जाते आणि तिथे उकिडवी बसते. संडास बांधलेला असला तरी पाण्याची घागर घेऊन जावं लागतं, म्हणजे एक हात गुंतला. दुसरा हात लुळा असेल तर कडी कशाने लावायची? पावसाळ्यात गोदाकाठची काळी माती पायाला धरली की धडधाकट माणसाचं पाऊल उचलत नाही. ज्याचं पाऊल आधीच खाली लोंबतं, ज्याच्या पायाची बोटं टाचेच्या आधी टेकतात, त्याचं काय होत असेल? दवाखान्याच्या फरशीवर दहा मीटर पंधरा सेकंदांत गेलेली बाई इथे गुडघ्यावर पडते.

आपल्या सरकारी सूचना याबाबतीत थोड्या बऱ्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पायाचं अपंगत्व ठरवताना केवळ सांध्यांची हालचाल बघत नाहीत. २०१८ च्या सूचनांत स्थैर्य तपासायची एक यादी होती. सपाट जागेवर चालणं, चढावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यांवर बसणं आणि वळणं. प्रत्येकाला दहा टक्के. उकिडवं आणि मांडी हे शब्द त्यात कुणी घातले असतील त्याला आपल्या देशाची माहिती होती. पण डोक्यावर ओझं घेऊन चालणं त्यात नाही. कडेवर मूल घेऊन चालणं नाही. बायकांचं निम्मं चालणं ओझ्यासकट असतं, आणि तेच कुठल्या यादीत येत नाही.

बाई काय करते ते आता पाहा. अपंगत्वाचा दाखला हवा असेल तर ४० टक्के भरावे लागतात. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एस. टी.ची सवलत, सगळं त्या दाखल्यावर. म्हणून घरातले तिला बजावतात, डॉक्टरपुढे जरा ओढूनच चाल. मुकादम आला की तीच माणसं म्हणतात, सरळ चाल, पाय फिरवू नको. आणि घरात सासू रोज बघत असते, ही खरंच चालू शकत नाही की कामाचा कंटाळा करते. एका बाईने मला सांगितलं, “ताई, कुणापुढं कसं चालावं त्येच मला कळंना गेलंय.” आपल्याकडे बाईच्या चालीकडे सगळ्या गावाचा डोळा असतोच. लहानपणापासून हळू चाल, खाली बघून चाल, पाय वाजवू नको. चालचलन हा शब्दच त्यातून आला. लकवा झाला म्हणून तो डोळा हटत नाही. फक्त आता चाल वाकडी का म्हणून नवा जाब विचारला जातो.

तपासणीच्या खोलीत काय होतं तेही बोललं पाहिजे. चाल नीट बघायची तर गुडघा दिसायला हवा. गुडघा मागे झटका खातो का, घोटा आत वळतो का, पाऊल टेकताना टाच आधी येते का, हे पाहायचं असतं. सहावारी साडीत त्यातलं काहीच दिसत नाही. तपासणारा पुरुष असला आणि तो म्हणाला साडी वर धरा, तर बाई जागची हलत नाही. मग तोही कंटाळतो आणि ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळा होतो. गंमत अशी की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नऊवारी काष्टा नेसतात, आणि त्यांची तपासणी सर्वांत चांगली होते, कारण पोटऱ्या मोकळ्या असतात. तरण्या बायकांना सलवार घालून तपासणीला या असं आधी कुणी सांगितलं तर तेवढ्यानेही काम भागेल. पण सांगायचं सुचायला हवं.

पायाच्या पट्ट्याचंही असंच. लोंबणारं पाऊल वर धरायला घोट्याभोवती प्लास्टिकचा पट्टा देतात. चांगली सोय आहे, चाल एकदम सुधारते. एका घरी मी तो खुंटीवर टांगलेला पाहिला. कामून घालत नाही विचारलं तर बाई म्हणाली, “त्यो घालून खाली बसता येत न्हाई.” खरंच आहे. कडक पट्टा घोटा काटकोनात धरून ठेवतो. घोटा वाकला नाही की उकिडवं बसता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही, संडासला बसता येत नाही. शिवाय तो बुटात घालायचा असतो आणि घरात चपलासुद्धा चालत नाहीत. घोट्यात बिजागरी असलेले पट्टे असतात. ते सगळ्यांना चालतात असं नाही, पाय फार ताठ असेल तर वेगळा विचार करावा लागतो. पण पट्टा देणाऱ्याने एकदा तरी विचारावं की बाई, तुमचा दिवस कुठे बसून जातो? त्या घरी ते विचारलं गेलं नव्हतं. खर्च मात्र झाला होता, आणि पट्टा वापरत नाही म्हणून दोष बाईकडे आला होता.

लकवा हा म्हाताऱ्यांचा, शहरातल्या खात्यापित्यांचा आजार आहे असं आपणही समजत होतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवून २०१५ मध्ये सांगितलं की तिथे मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा आहे, दर सात मृत्यूंत एक. आणि जे वाचतात त्यांचं पुढे काय? २०१७ मध्ये भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कल्पना अशी की फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरातल्या माणसाला शिकवावं आणि त्याने रुग्णाकडून व्यायाम करून घ्यावा. सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक पडला नव्हता. असं का झालं याची कारणं अभ्यासकांनी शोधावीत. मला त्यातल्या ‘घरातलं माणूस’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

घरातलं माणूस म्हणजे कोण ते आपल्याला सांगायला नको. नवऱ्याला लकवा झाला की बायको मजुरीला जायच्या आधी त्याला उठवते, अंग चोळते, खांद्यावर हात घेऊन अंगणात चालवते, संध्याकाळी पुन्हा चालवते. मी पाहिलेल्या घरांत पुरुष सुधारले ते बायकांच्या खांद्यांवर. आणि बायकोला लकवा झाला की? एक तर पोरीची शाळा सुटते, नाहीतर बाईला माहेरी पोचवतात. “बरी झाली की आणू.” बरी म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. माझ्या माहितीतली एक बाई दोन वर्षं माहेरी आहे, आणि तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. मी तिला तो सांगितला. ती म्हणाली, “तिथं पाणी कोण देईल मला?” या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.

आपल्या चळवळीकडेही मी थोडी बोट दाखवणार आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या माहितीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, ते योग्यच केलं. पण त्यानंतर त्याच बायकांचा रक्तदाब कोण मोजतंय? पिशवीबरोबर अंडाशयही लहान वयात काढले गेले असतील तर पुढे हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका वाढतो. तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेली बाई चाळिशीत लकव्याने पडली तर ती आपल्या कुठल्याच यादीत नसते. पिशवीचा प्रश्न बाईचा, आणि पायाचा प्रश्न दवाखान्याचा, अशी वाटणी आपणच करून टाकली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की चालीची साधी तपासणी गावातल्या बायकांच्या गटांनी शिकावी आणि हातात घ्यावी. डॉक्टरकीचं हे काम नव्हे. ज्या बाईला लकवा झाला आहे तिच्या अंगणात दहा मीटरची दोरी टाकायची, तिच्या लुळ्या बाजूला एकीने उभं राहायचं म्हणजे तोल गेला तर धरता येईल, आणि दुसरीने सेकंद मोजायचे. तारीख घालून वहीत लिहायचं. महिन्याने पुन्हा. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, तेव्हा तर नक्कीच. आकडा खाली येत असेल तर व्यायाम चालू ठेवायला हुरूप येतो. एकदम वाढला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर थांबायचं नाही, गाडी काढायची. सेकंदांच्या जोडीने आणखी दोन गोष्टी बघायच्या. तिची चप्पल उलटी करून पाहायची. एकाच पायाची चप्पल पुढून झिजली असेल तर त्या पायाची बोटं घासतायत. आणि ओली पावलं फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर उमटवून दोन पावलांतलं अंतर दोरीने मोजायचं. डावं-उजवं किती वेगळं पडतं ते लगेच दिसतं.

पण सगळ्यात आधी तिला विचारायचं, तुला कुठपर्यंत जायचंय? मी आतापर्यंत अकरा जणींना विचारलं. सहा जणींनी संडास सांगितला. एकीला मुलीच्या शाळेच्या फाटकापर्यंत जायचं होतं. एकीला आठवडी बाजारात, “कुणाला न सांगता.” एक म्हातारी म्हणाली, गोदावरीच्या पाण्यात पाय बुडवायचेत. फड कुणीच सांगितला नाही. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहावं आणि तेवढी वाट तिच्याबरोबर चालून तिथे किती वेळ लागतो ते मोजावं. दाखल्याच्या वेळी हे पान डॉक्टरांपुढे ठेवलं तर ते फेकून देतील अशी भीती मला होती. दोन ठिकाणी तरी त्यांनी ते वाचलं.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईची पोरगी गेल्या साली बापाबरोबर फडावर गेली. मला ते थांबवता आलं नाही. मी बोलले, शाळेत जाऊन भेटले, हंगामी वसतिगृहाची चौकशी केली, तोवर टोळी निघून गेली होती. बाई मागे एकटी राहिली, शेजारणीच्या आधाराने. गटातल्या दोघींनी कार्तिकात तिच्या अंगणात पहिल्यांदा दोरी टाकली तेव्हा दहा मीटरला २९ सेकंद लागले. यंदा आषाढात १६ लागले. पोरगी परत आली आहे, तिचं नाव पुन्हा शाळेत घातलं आहे. बाईला कुठपर्यंत जायचंय ते वहीत आहे, ती शाळेचं फाटक म्हणाली होती. आता ती जाते, पोरीबरोबर, सकाळी.

पोळा झाला की मुकादम येईल. बाई म्हणते, “या वर्साला त्याच्यापुढं चालून दावायची न्हाई मी.” नवरा काहीच बोलत नाही, कारण गेल्या सालची उचल अजून पुरती फिटलेली नाही. त्या आठवड्यात आमच्या गटाची बैठक तिच्याच ओट्यावर ठेवली आहे.